लिटलवाडीची घंटा

परळहून लालबागकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की खडकवाडी लागायची. समोरासमोर दोन चाळी, मध्ये सार्वजनिक नळ आणि नळापलीकडे काळ्या दगडाचं एक बुटकं चर्च. कागदोपत्री त्याचं नाव आश्रयमंदिर. वाडीतली हिंदू माणसं मात्र त्याला घंटेचं देऊळ म्हणत, आणि ख्रिस्ती माणसंही घाईत असली की तसंच म्हणून जात. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली त्या सुमारास या घंटेचा दोर एका बाईच्या हातात होता. तिचं नाव जाईबाई रणपिसे.

जाईबाई ठेंगणी, काटक आणि बोलायला थोडकी. चर्चच्या मागच्या बाजूला एका खोलीत ती राहायची. मंदिर झाडायचं, बाकं पुसायची, प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड धुऊन इस्त्री करायचं आणि घंटा वाजवायची, ही तिची कामं. दोर ओढून ओढून तिचे तळवे असे निबर झाले होते की तव्यावरची भाकरी ती बोटांनीच उलटायची. शेजारच्या चाळीतली राधाबाई सावंत म्हणायची, "जाईबाय, तुजो हात म्हणजे लाकडाचो गो. माका दी एक दिवस, चूल सारवूक."

ही घंटा मुंबईची नव्हती. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हॉब्स नावाचा एक इंग्रज पाद्री गिरणीतल्या लोकांत काम करायला इथे आला. कोकणी माणसांच्या तोंडात त्याचं नाव बसेना, म्हणून त्यांनी त्याचं हापूससाहेब करून टाकलं. तो विलायतेतल्या ज्या खेड्यातला होता त्याचं नाव लिटल हॅडकोट. घंटेच्या कडेवर ते नाव उठवलेलं आहे. वाडीने त्याचं लिटलवाडी केलं. चार-दोन शेतं, एक ओढा, एक दगडी चर्च आणि चर्चच्या अंगणात थडग्यांवर चरणारी मेंढरं, असं ते गाव, असं साहेब सांगायचा. तिथल्या चर्चने नव्या घंटा करून घेतल्या तेव्हा जुनी एक उरली. ती त्याने मागून घेतली आणि बोटीत घालून आणली. म्हणून वाडीतल्या म्हाताऱ्या बायका घंटेला सासुरवाशीण म्हणायच्या. माहेर एवढं लांब, पण एक दिवस रुसली नाही, असं तिचं कौतुक व्हायचं.

घंटेबरोबर तिच्या माहेरची एक रीतही आली. गावात कुणी गेलं की घंटा ते सांगायची. पुरुष असेल तर तीनदा तीन ठोके, बाई असेल तर तीनदा दोन, मूल असेल तर तीनदा एक. मग थोडं थांबून, मेलेल्याच्या वयाचा जेवढा आकडा तेवढे ठोके, एकेक, सावकाश. लिटलवाडीत शेतातली माणसं विळा खाली ठेवून मोजायची. गाव इतकं लहान की आकडा संपायच्या आत कोण गेलं ते कळायचं. खडकवाडीतही तसंच झालं. ठोके सुरू झाले की नळावरच्या बायका कळशी बाजूला घ्यायच्या आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागायचा. हिंदू असो की ख्रिस्ती, मोजायचे सगळेच.

प्लेगच्या साली घंटा दिवसभर वाजू लागली. लोक भेदरले, खोल्यांना कुलपं घालून गावी पळाले. साहेबाला ते बघवेना. मागे राहिलेल्यांना तरी धीर यावा म्हणून त्याने घंटा बंद ठेवली. झालं भलतंच. घंटा गप्प झाली म्हणजे मरण थांबलं, असं लोकांनी धरलं. निरोप गेले, पळालेली कुटुंबं परत आली, आणि त्यातली कितीतरी पुढच्या पंधरवड्यात मातीला गेली. साहेबाने मग भर मंडळीपुढे गुडघे टेकले आणि नेम घातला: या घंटेने खोटं बोलायचं नाही. माणूस गेलं की वाजायचं. दुसऱ्याच्या दयेपोटीसुद्धा गप्प राहायचं नाही.

साहेब गेला. मागून आलेले पाळक मराठी होते. नेम मात्र राहिला. आणि त्याच्या पोटी वाडीत एक पक्की समजूत राहिली: घंटा वाजली नाही म्हणजे माणूस आहे.

जाईबाईचा नवरा थोमा चर्चचा शिपाई होता. त्याला गिरणीतल्या कापसाचा जुना खोकला. दोर ओढता ओढता त्याचा दम जायला लागला तेव्हा त्याने बायकोला शिकवलं. मरणाचा ठोका कसा द्यायचा, दोर कुठे सैल सोडायचा, आधीचा आवाज पुरता विरल्याशिवाय दुसरा का काढायचा नाही. थोमा गेला त्या सकाळी तिने पदर खोचला आणि वर जाऊन त्याचे ठोके स्वतः दिले. शेचाळीस. एकही मागेपुढे झाला नाही. बायका म्हणाल्या, दगडाची आहे. चर्चच्या पंचांनी दोर तिच्याच हाती ठेवला.

मुलगा एकच, शांतवन. वाडी त्याला शांतू म्हणायची, आणि त्याच्यात शांतपणा औषधालाही नव्हता. गिरणीत साच्यावर कापड विणायचा, दत्ताराम सावंताबरोबर म्हणजे राधाबाईच्या नवऱ्याबरोबर सभांना जायचा आणि घसा बसवून घरी यायचा. बकुळाशी त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बकुळा नगरकडची, आईबाप नसलेली, काकाने वाढवलेली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. पहिल्या दिवसापासून तिने हे नातं असं धरलं की जाईबाईला वाटायचं, पोटची मुलगी झाली असती तरी याहून काय वेगळी असती.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई हातची जाणार अशी बातमी आली आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. त्या दिवशी सकाळी शांतू मनोऱ्यात चढून घंटेच्या आसाला तेल देत होता. खालून जाईबाई ओरडली, "उतर रे, पडशील."

"पडलो तर माझी घंटा जरा भरभर वाजव हं आई. लोकांना कामं असतात."

"जीभ बघा मेल्याची!"

"आणि माझा आकडा लहान. तुला काही त्रास नाही."

बकुळा दारात तांदूळ निवडत होती. तिने एक खडा उचलून त्याच्या दिशेने भिरकावला. तो हसत उतरला, हात पुसले आणि दत्तारामच्या हाकेसरशी निघून गेला. अंगात निळा सदरा होता. त्याच्या कॉलरची आतली पट्टी विरली होती, म्हणून जाईबाईने मेजावरच्या जुन्या कापडाचा पांढरा तुकडा आतून लावून दिला होता. बाहेरून दिसायचा नाही.

दुपारी गोळीबार झाला. दत्ताराम संध्याकाळी आला, एकटाच. पळापळीत हात सुटला, एवढंच त्याला सांगता आलं. मग संचारबंदी. ती उठल्यावर जाईबाई इस्पितळात गेली. बकुळाला ताप होता. ती दाराला धरून म्हणाली, "आत्याबाई, मी येते." जाईबाईने तिला परत निजवलं.

इस्पितळात एका खोलीपुढे रांग होती. आत जायच्या आधी एक वॉर्डबॉय कपडे दाखवत होता. "ओळख पटली तर आत जा, बाई. नाही तर पुढे व्हा. मागे लोक आहेत." त्याने गोणपाटावरून एकेक कपडा उचलला. एक सदरा निळा होता. त्याने तो कॉलरला धरून उचलला तेव्हा कॉलर उलटी झाली आणि आतली पांढरी पट्टी जाईबाईला दिसली. टाके तिचे होते. शेवटच्या टाक्याला तिने घाईत दोरा जास्तच ठेवला होता, तो तसाच लोंबत होता.

"तुमचा आहे?"

दार दोन पावलांवर होतं. हो म्हटलं की त्या दारातून आत जायचं, मग घरी येऊन वर चढायचं आणि दोर हातात घ्यायचा. तिचे हात आपोआप लुगड्यात गेले.

"नाही," जाईबाई म्हणाली.

"नीट बघा."

"नाही, बाबा. माझ्या मुलाचा नाही."

घरी बकुळा उठून बसली होती. तिने सासूच्या तोंडाकडे बघितलं. "तिथे नाही तो," जाईबाई म्हणाली आणि स्टोव्ह पेटवायला बसली. तिने तिघांच्या भाकऱ्या केल्या.

वाडीने वाट पाहिली. एक आठवडा गेला, महिना गेला, घंटा वाजली नाही. मग सगळ्यांनी मानलं की शांतू आहे. पोलिसांच्या भीतीने कुठेतरी लपला असेल. पुढे सीमाभागात सत्याग्रह झाले तेव्हा राधाबाई म्हणाली, "बेळगावाक असतलो तो. नाव बदलून तुरुंगात बसलो असतलो. तुजो झिल गो, सरळ नाव सांगतलो काय?" बकुळा हसली. पुष्कळ दिवसांनी हसली होती. जाईबाई त्या वेळी तांदूळ धूत होती. तिने पाणी ओतलं आणि पुन्हा तेच तांदूळ धुतले.

या वर्षांत वाडीत बरीच माणसं गेली. प्रत्येकाचे ठोके जाईबाईने दिले, अगदी बरोबर. ठोका दिला की कान देऊन तो विरेपर्यंत थांबायचं, आणि त्या थांबण्यात तिला दुसरा एक आकडा ऐकू यायचा. आपण सुनेवर दया केली असं पहिल्या वर्षी तिला वाटायचं. दुसऱ्या वर्षी वाटेनासं झालं. हापूससाहेबाच्या प्लेगची हकीकत थोमा तिला कितीदा सांगायचा. साहेबाची घंटा गप्प राहिली ती दुसऱ्यांसाठी. आपली कुणासाठी? घंटा वाजेपर्यंत तो आहे असं वाडी म्हणते, आणि आईलासुद्धा त्या म्हणण्यात एक कोपरा हवा होता, एवढंच.

बकुळा गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंगखात्यात लागली. दर शनिवारी ती शांतूचे कपडे उन्हात टाकायची. चोविसाव्या वर्षी तिच्या कानशिलावर पांढरे केस आले.

साठ सालच्या आरंभी पाळकसाहेबांनी जाईबाईला बोलावलं. "शामराव आढाव माहीत आहेत ना? गिरगावात छापखान्यात खिळे जुळवतात, जुळारी आहेत. बायको जाऊन तीन वर्षं झाली. चांगला माणूस. बकुळाबद्दल विचारत होते."

जाईबाईने हातातली केरसुणी भिंतीला टेकवली.

"जूनमध्ये ते नगरला जातात, मिशनच्या छापखान्यात. त्याआधी कळावं म्हणतात. मला तीन रविवार मंडळीपुढे लग्नाचे पुकारे करायचे तर आधी शांतवनचं काय ते ठरायला हवं. आईने साक्ष दिली तर मी स्मरणाची उपासना घेईन. पण साक्ष म्हणजे साक्ष, जाईबाई. तुम्हाला काही कळलंय का?"

"बघून सांगते," जाईबाई म्हणाली. चार वर्षांपूर्वी जे बघून ठेवलं होतं ते आता काय बघायचं होतं, ते तिलाच ठाऊक.

शामराव दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर नळापाशी बकुळाशी बोलले. छत्री दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून. जाईबाई खिडकीच्या काचा पुसत होती, तिला सगळं ऐकू आलं.

"मी घाई करत नाही," ते म्हणाले. "फक्त माझं नाव मनात असू द्या."

"तुमच्यात उणं काही नाही, शामराव," बकुळा म्हणाली. "पण घंटा वाजली नाही अजून. आणि घंटा आमच्या आत्याबाईंच्या हातात आहे. त्या का खोटं वाजवतील, की खोटं गप्प राहतील?"

जाईबाईच्या हातातलं फडकं काचेवर तसंच थांबलं.

एप्रिलअखेर वाडी सजायला लागली. महाराष्ट्र मुंबईसह मिळाला होता. दत्तारामने चाळीच्या कठड्यांना पताका बांधल्या आणि मग चर्चच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "जाईबाय, एक तारखेक सकाळी तुमची घांट वाजाक व्हयी. देवळांतल्यो घांटी वाजतल्यो, भोंगे वाजतले, मग आमचीच सासुरवाशीण गप कित्याक? पाळकसायबांक विचारलंय, ते हो म्हणाले."

"वाजवीन," जाईबाई म्हणाली.

मागून राधाबाई आली. "आणि ऐकलास काय गो? राज्य झाला की सगळ्यांका सोडतले. शांतू येतलो बघ. मी बकुळाक सांगितलंय, गोडाचा करून ठेव."

खोलीत आल्यावर जाईबाईने पाहिलं, बकुळा जमिनीवर कापड पसरून बसली होती. पांढरं कापड, नवं. शांतूच्या एका जुन्या सदऱ्यावरून ती माप घेत होती. सुया तोंडात धरूनच ती म्हणाली, "थोडा सैल बेततेय, आत्याबाई. चार वर्षांत भरला असेल ना? सव्विसाचा झाला आता."

जाईबाई खाली बसली. तिला म्हणायचं होतं, ठेव ते. आयुष्यात कुणाचं मरण तिने तोंडाने सांगितलंच नव्हतं. ते तिने नेहमी दोरानेच सांगितलं होतं.

एक मेच्या सकाळी खडकवाडीत उभं राहायला जागा नव्हती. ढोल, लेझीम, गुलाल. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक ओरडू लागले तशी जाईबाई मनोऱ्याच्या मधल्या टप्प्यावर चढली. तिथून लहान खिडकीतून अंगण दिसायचं आणि तिच्या खोलीचं दारही. तिने सणाची घंटा सुरू केली, दोन्ही अंगांनी, भरभर. खालून आरोळी उठली. दत्तारामने टोपी उडवली. दारात बकुळा नवा सदरा हातावर घेऊन उभी होती आणि वाडीच्या तोंडाकडे बघत होती. प्रत्येक येणाऱ्याकडे बघत होती.

जाईबाईने दोर आवरला. घंटा हलून हलून थांबली. तिने तळवे लुगड्याला पुसले, दोर पुन्हा धरला आणि एक ठोका दिला. मग आवाज विरेपर्यंत थांबली. मग दुसरा. मग तिसरा.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या तिनाला नळाजवळची एक म्हातारी मान वर करून बघू लागली. तिसऱ्या तिनाला दत्तारामने हात वर करून ढोल थांबवला. पलीकडच्या गल्लीतले ढोल वाजतच होते. पण वाडीत आता लोक एकमेकांकडे बघत होते. पुरुष. कोण? काल तर सगळे होते.

मग आकडा सुरू झाला. जाईबाई भरभर वाजवत नव्हती. भरभर वाजव म्हणून सांगणाऱ्याचं तिने ऐकलं नाही. खिडकीतून तिला बकुळाचा हात दिसत होता. सदरा एका हातावर, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पेरांवर चाललेला. दहा. पंधरा. राधाबाई गर्दीतून वाट काढत बकुळाकडे निघाली आणि मध्येच थांबली. वीस. एकवीस.

बावीस.

जाईबाईने दोर सोडला.

बकुळाचा अंगठा पुढच्या पेरावर जाऊन थांबला होता. ती तेविसाव्याची वाट बघत होती. सव्विसापर्यंत जायला अजून चार ठोके होते. ते आले नाहीत. तिने मान वर करून मनोऱ्याच्या खिडकीकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. अंगठा पेरावरून उचललाच नाही.

जाईबाई खाली आली तेव्हा राधाबाई दारात बसून रडत होती. बकुळा आत, सदऱ्याची घडी घालत होती.

"कधी कळलं?" तिने विचारलं.

"संचारबंदी उठली तेव्हाच."

"इस्पितळात होता?"

"दाराच्या आत होता. मी कपडे बघितले. आत गेले नाही."

बकुळाने घडी मोडली, पुन्हा घातली. "मला ताप होता," ती म्हणाली. "पण मी येते म्हटलं होतं. मला एकदा बघता आला असता. मूठभर माती तरी टाकली असती."

जाईबाईने हात पुढे केला, तो मध्येच राहिला. बकुळाने त्या हातावर सदरा ठेवला. "दत्तारामकाकांना द्या. गळ्यात घट्ट होईल त्यांना, पण होईल. नवं कापड आहे."

पुढच्या रविवारी स्मरणाची उपासना झाली. पाळकसाहेबांपुढे जाईबाईने साक्ष दिली, कॉलरच्या पट्टीसकट. मग तीन रविवार पुकारे झाले आणि जूनच्या आरंभी, चार माणसांत, बकुळाचं शामराव आढावांशी लग्न लागलं. लग्नाची घंटा जाईबाईनेच वाजवली. कुणी नको म्हटलं नाही, आणि कुणी वाजव असंही म्हटलं नाही.

निघायच्या दिवशी टांगा वाडीच्या तोंडाशी उभा होता. शामराव ट्रंक चढवत होते. बकुळा आत आली. खोलीभर नजर फिरवली, शांतूचे कपडे ठेवलेल्या पेटीवर एकदा हात ठेवला. मग वाकून तिने जाईबाईच्या पायांना हात लावला. रीतसर, दोन्ही हातांनी.

"येते," ती म्हणाली.

जाईबाई पुढच्या शब्दासाठी, 'आत्याबाई'साठी, थांबली. बकुळा उंबरा ओलांडून गेली, नळापाशी राधाबाईच्या गळ्यात पडली, टांग्यात बसली. टांगा वळला. घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज मोठ्या रस्त्याच्या गोंगाटात मिसळून गेला, तरी जाईबाई दारात कान देऊन उभी होती.